माईंच्या खोलीतली जाळी

“...पण ही जाळी तुमच्या खोलीत कशाला हवी, माई?”

प्रल्हाद खैरनारने शिडीवरूनच विचारलं. खाली माई उभ्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई. धुऊन धुऊन विटलेलं सुती पातळ, हात मागे बांधलेले.

“हवी आहे.”

“नकाशात नाही ती.”

“मग आता घाल.”

“उकाडा सोसत नाही वाटतं हल्ली?”

बोलण्यात खोच होती. मठात माईंशी असं कुणी बोलत नसे. माई मात्र नुसत्या हसल्या.

“उकाडा चालतो मला. जाळी हवी.”

आणि त्या निघून गेल्या.

प्रल्हादने हातातला पाना खिशात घातला आणि त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. ज्या बाईला गारवा नको, तिला गार हवेची जाळी कशाला हवी?

तापीच्या काठावरचा तो मठ. मधे मोठा हॉल, त्याला लागून एक बोळ, बोळाच्या टोकाला माईंची खोली. खानदेशातला वैशाख. गेल्या उन्हाळ्यात ध्यानाला बसलेल्या दोन म्हाताऱ्या भोवळ येऊन पडल्या, तेव्हा जळगावच्या एका भक्ताने हॉलसाठी मोठा एसी देऊ केला. मशीन बोळातल्या छताच्या वर, आणि तिथून पत्र्याचे डक्ट हॉलभर. हवा जाळ्यांतून खाली येणार.

काम प्रल्हादने स्वतः मागून घेतलं होतं. कारण होती अक्का.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, शकुंतला. आई गेली तेव्हा प्रल्हाद लहान होता. अक्कानेच त्याला वाढवलं. पुढे तिचा नवरा गेला, ती भावाच्या घरी राहायला आली, आणि एक दिवस माईंच्या दर्शनाला म्हणून गेली ती परतलीच नाही. फोनवर एकच सांगायची.

“माईंना न सांगता कळतं रे, पल्लू. मनातलं कळतं.”

हे वाक्य त्याला टोचायचं.

त्याचं सगळं आयुष्य छताच्या वरच्या बाजूला गेलं होतं. खालून लोकांना दिसतं ते गुळगुळीत पांढरं छत. वर काय असतं, ते तो बघायचा. वायरी, जुने पाइप, उंदरांची घरटी, लपवलेल्या भेगा. कुणाला न सांगता काही कळतं म्हणजे कुठून तरी वायर आलेली असणार, इतकं त्याचं सरळ गणित होतं. ती वायर शोधायची, अक्काला दाखवायची आणि तिला घरी न्यायचं.

आणि आता ही जाळी.

दुसऱ्या दिवशी त्याने माईंना मुद्दाम गाठलं.

“माई, तुमच्या खोलीकडच्या डक्टला आतून अस्तर लावतो.”

“कशाला?”

“हॉलमधला आवाज तुमच्या खोलीत येणार नाही. नाहीतर पत्र्याच्या डक्टमधून बोलणं स्वच्छ ऐकू जातं.”



“अस्तर नको.”

“आवाज येईल, माई.”

“येऊ दे.”

“हवा बंद करायला झडप तरी?”

“झडप नको.”

 बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं! आजवर एखादी चहाडखोर शिष्या तिला सगळं आणून सांगत असेल. आता हॉलमध्ये कोण काय बोलतं ते थेट खोलीत बसून ऐकायचं, आणि संध्याकाळी डोळे मिटून म्हणायचं, ‘बाळ, तुझ्या मनात अमुक आहे...’

त्याने डक्ट बसवला. अस्तराशिवाय. जसा मागितला तसा.

आता पुरावा हवा होता.

मशीन चालायला लागलं की त्याच्या पोटात पाणी साचतं. ते ट्रेमध्ये गोळा होतं आणि ड्रेनच्या पाइपने बाहेर जातं. त्या पाइपला शेवटपर्यंत उतार हवा. मधे कुठे पाइप वर उचलला गेला, की पाणी मागे फिरतं आणि छतातून गळतं. प्रल्हादने हा पाइप बोळातून मागच्या भिंतीपर्यंत स्वतः नेला. दर हातभर अंतरावर क्लॅम्प मारले, जोड पक्के चिकटवले. मग त्याचा कारागीर अन्वर वर चढला आणि त्याने ट्रेमध्ये कळशीभर पाणी ओतलं. मागे भिंतीपाशी प्रल्हाद उभा होता. पाइपच्या तोंडातून पाण्याची धार आली, संपली, थेंब थेंब झाली. वर ट्रे कोरडा.

काम चोख होतं. तेवढं झाल्यावर अन्वर आपल्या पुढच्या कामावर गेला.

त्या दुपारी हॉलमध्ये अक्का एकटीच फरशी पुसत होती. माईंच्या खोलीचं दार लावलेलं होतं. प्रल्हाद अक्काजवळ गेला आणि बरोबर जाळीखाली उभा राहिला.

“अक्का, एक सांगू? कुणाला बोलू नकोस.”

“काय रे?”

“ड्रेनचा पाइप मी उलट्या उताराने बसवलाय. मशीन चालू झालं की बोळातलं छत गळणार.”

अक्काचा हात थांबला.

“चुकून?”

“नाही. मुद्दाम.”

“...का?”

“राग आहे माझा या जागेवर.”

अक्का पुन्हा बादलीकडे वळली. फडकं बादलीत पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलेलंच नव्हतं.

सकाळी प्रल्हाद मठात आला तर बोळ रिकामा. तिथे तीन आजारी म्हाताऱ्यांच्या गाद्या असायच्या. कुणीतरी त्या उचलून स्वयंपाकघराच्या ओसरीत नेल्या होत्या. त्या जागी एक घंगाळ आणि दोन बादल्या मांडून ठेवल्या होत्या.

“हे कुणी केलं?”

“मी,” अक्का म्हणाली. कंबर धरून उभी होती. एकटीने गाद्या ओढल्या होत्या. “सगळ्यांना सांगितलं, बोळ धुवायचा आहे.”

“माईंना काय सांगितलंस?”

“तेच.”

“...खोटं?”

“तू कुणाला बोलू नकोस म्हणालास ना?”

प्रल्हादला क्षणभर कसंसंच झालं. पण तेवढ्यात खोलीचं दार उघडून माई बाहेर आल्या. बादल्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“पाइपचा उतार बरोबर आहे ना रे?”

सापडली!

“का विचारता, माई?”

“तू काल बोललास ना, उलटा आहे म्हणून.”

“मी अक्काशी बोललो. तुम्ही खोलीत होता. दार बंद होतं.”

“हो.”

“मग कसं कळलं? मनातलं कळतं म्हणून?”

“जाळीतून ऐकलं.”

प्रल्हाद गडबडला. ती नाकारेल, डोळे मिटेल, देवाचं नाव घेईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. तिला कोंडीत पकडायची वाक्यं रात्रभर जुळवली होती. ती सगळी वाया गेली.

“म्हणजे... तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता.”

“ऐकू येतं.”

“आणि लोक समजतात, माईंना न सांगता कळतं!”

“समजतात खरे.”

“तुम्हाला लाज नाही वाटत?”

अक्काने तोंडावर पदर धरला. माईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी हाताने आपल्या खोलीकडे दाखवलं.

“जा. आत बस.”

“कशाला?”

“मी काय ऐकते ते तू ऐक. दार लावून घे.”

ध्यानाची वेळ झाली होती. बायका-माणसं हॉलमध्ये येऊन बसू लागली. माईही त्यांच्यात जाऊन बसल्या. प्रल्हाद खोलीत शिरला आणि त्याने दार आतून लावलं.

आधी त्याने खोली धुंडाळली. चटई, पाण्याचा माठ, लोखंडी ट्रंक, खुंटीवर दुसरं पातळ. चटईखाली पाहिलं, ट्रंकेमागे पाहिलं. वायर नव्हती, यंत्र नव्हतं. जाळीच्या बरोबर खाली भिंतीशी एक पाट होता. तो त्यावर बसला आणि त्याने कान वर केला.

बांगड्यांची किणकिण. एक खोकला. कुणीतरी सतरंजी सरकवली.

मग काहीच नाही.

सगळे डोळे मिटून गप्प बसले होते. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. प्रल्हादचा संशय अधिकच बळावला. आपल्याला इथे कोंडून ही बाई बाहेर काहीतरी वेगळंच रचत असणार! खिशातला फोन काढून त्याने अन्वरला लावला.

“अन्वर, म्हातारी पक्की आहे. तोंडावर सांगते, ऐकलं म्हणून... अरे, पाइपला काय होणार? एक नंबर झालाय पाइप. थाप मारली मी अक्काला... मानते रे ती. साधी आहे. काहीही सांग, खरं मानते. सगळ्या गाद्या ओढल्या एकटीने.”

तो हसला. पलीकडून अन्वर काहीतरी म्हणाला.

“नेतो ना. या बाईचं पितळ एकदा उघडं पडू दे, अक्काला गाडीत घालून नेतोच. घराची दशा बघवत नाही. धुणं, स्वयंपाक, पोरांचे डबे, बायकोला काही झेपत नाही. अक्का होती तेव्हा बघावं लागत नव्हतं... नाही रे, काळजी कसली! ती इथे मजेत आहे. आमचे हाल चाललेत.”

फोन ठेवला. पाटावरून उठला. दार उघडलं आणि बोळातून हॉलमध्ये आला.

सगळ्यांचे डोळे उघडे होते.

सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणी रागाने नाही. कुणाच्या घरात चुकून शिरावं आणि घरच्यांनी मान वर करून बघावं, तसं.

अक्का दुसऱ्या ओळीत होती. ती एकटी त्याच्याकडे बघत नव्हती. फरशीकडे बघत होती. काल तिनेच पुसलेल्या.

प्रल्हादने मान वर केली. अक्काच्या डोक्यावर छतात त्यानेच बसवलेली जाळी. तिथून निघालेला डक्ट त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बोळ, वळण, आणि पाटाच्या बरोबर वर उघडलेलं तोंड. अस्तर नाही. झडप नाही.



“इकडे... ऐकू येतं?”

“रोज येतं,” पुढच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली. “डक्ट बसला त्या दिवसापासून. माई खोकतात ते येतं. देवावर चिडतात ते येतं. परवा रडल्या, तेही आलं.”

प्रल्हाद माईंकडे वळला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“आधीपासून. तूही तेच सांगितलंस. पत्र्यातून बोलणं स्वच्छ जातं.”

“पण मी म्हणालो, तुमच्या खोलीत येईल...”

“पत्र्याला काय कळतं, इकडचं कोण आणि तिकडचं कोण?”



“मग कशाला घेतलीत जाळी?” प्रल्हादचा आवाज चिरकला. “लोक तुम्हाला मानतात. दार बंद होतं तेच बरं होतं की!”

“दार बंद होतं,” माई म्हणाल्या, “म्हणून तर मानत होते.”



“काल पाइपबद्दल मी जे बोललो,” प्रल्हाद म्हणाला, “ते तुम्ही ऐकलंत. तेव्हाच का नाही बोललात?”

“वाटलं, तू बोलशील.”

प्रल्हाद खाली बसला.  बाकीच्यांपैकी कुणीतरी सरकून जागा दिली. हॉलमध्ये उकाडा होता, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि त्याने बसवलेलं मशीन वर छतात गप्प होतं. अजून कुणी बटण दाबलं नव्हतं.

त्याला अक्काची कंबर आठवली. तीन गाद्या. त्याचा खोटेपणा झाकायला ती माईंशी खोटं बोलली होती, आणि त्याने ते हसत हसत अन्वरला सांगितलं होतं. तिच्याच डोक्यावरच्या जाळीतून.

बऱ्याच वेळाने तो गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेला.

“अक्का...”

तिने मान वर केली. डोळे कोरडे होते. त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली.

“आत जे बोललो...”

“ऐकलं मी.”

“तसं नव्हतं गं...”

“तसंच होतं, पल्लू,” ती शांतपणे म्हणाली. “मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडून नव्हतं ऐकलं, एवढंच.”

 त्याने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकला आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिला काहीतरी विचारलं.

 तिने माईंकडे पाहिलं.

माईंनी डोळे मिटले होते.

“मोठ्यानं विचार,” त्या म्हणाल्या.