लारोशचा आडवा बावटा

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लारोश गावात दर जूनला, सेंट जॉनच्या सणादिवशी, नदीच्या पुलावरून एक बावटा निघतो. अर्धा निळा, अर्धा पांढरा. निळ्यावर लिलीचं फूल, पांढऱ्यावर तारा. पण तारा मधोमध नाही, पार कोपऱ्यात आणि वाकडा. हा बावटा काठीवर चढत नाही. चौघी बायका चार टोकं धरून तो डोक्यावर आडवा नेतात.

यंदा पाहुण्यांतले एक मास्तर म्हणाले, "हा गावच्या मंडळाने ठराव करून बनवून घेतलाय. कागद आहेत."

गोष्ट सांगणाऱ्या थेरेझआजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंडळाला तारा सरळ लावता आला नसता होय, मास्तर?"

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी इथल्या कापडगिरणीत देल्फीन नावाची बाई मागावर काम करायची. ती कॅनडातल्या अकेडियाची, वारलेला नवरा तिथल्याच क्वेबेकचा. दोन्हीकडचे लोक फ्रेंचच बोलत, पण नदीच्या दोन काठांना राहून एकमेकांच्या चुलीतल्या धुरावरही संशय घेत. तापाच्या साथीत देल्फीनची सहा वर्षांची ओदिल गेली. शवपेटीवर घालायची चादर दोन्ही काठांच्या बायकांकडे होती. एका काठाने म्हटलं, पोर बापाची. दुसऱ्याने म्हटलं, आईची. चादर कोणीच दिली नाही.

पोरीला उघड्या फळ्यांनिशी न्यायचं नाही, एवढंच देल्फीनने मनाशी धरलं. नवऱ्याचा निळा सदरा उसवून तिने एक बाजू केली. पेटी लहान होती, तेवढं कापड पुरलं. त्यावर बापाकडचं फूल काढलं. दुसऱ्या बाजूचं पांढरं कापड कुठून आणलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या कोपऱ्यात गिरणीचा शिक्का होता. आपल्या माणसांचा तारा तिने नेमका तिथे शिवला.

पुलावर गिरणीचा मुकादम हॅच आडवा आला म्हणे.

"कापड कोणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"काढा. उलटं करून बघायचंय."

देल्फीनचा हात कापडावर घट्ट बसला. ताऱ्याने शिक्का वरून झाकला होता, खालून नाही. कापड गेलं असतं, कामही गेलं असतं. तिला भीती होती ती कापड जाण्याचीच.

तेव्हा क्वेबेकच्या काठाची मालविना पुढे झाली. सकाळी चादर नाकारणारी तीच. तारा कोपऱ्यात का, हे तिने पाहताक्षणी ओळखलं असावं. तिने कापडाचं एक टोक उचललं. "बघा साहेब, पण चालता चालता. पोरीला उशीर होतोय."

आणखी तिघींनी टोकं धरली. दोघी या काठच्या, दोघी त्या काठच्या. हातगाडीवर पेटी, वर ताणलेलं कापड, आणि त्याखाली मान वर करून चालणारा मुकादम. ऊन लख्ख होतं. देल्फीन वाटभर फक्त त्याच्या बुटांकडे पाहत राहिली.

दफनभूमीच्या फाटकाशी तो कापडाखालून बाहेर आला. टोपी काढून म्हणाला, "तारा वाकडा लागलाय."

"घाई होती, साहेब," देल्फीन म्हणाली.

शिक्क्याचं नावही न काढता तो गिरणीकडे परत गेला. पुढे दोन्ही काठांच्या मयतांवर तेच कापड पडू लागलं, आणि कधीतरी त्याचा बावटा झाला.

"मंडळाचे कागद खोटे, असं मी म्हणत नाही," आजी म्हणाल्या.

आजही ज्याला ही गोष्ट पटत नाही, त्याला पुलापासून फाटकापर्यंत बावट्याखालून चालवतात. मास्तरांनाही चालवलं. बाहेर आल्यावर, खालून काय दिसलं ते त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.