साळूची कच्ची खळ

"खळ घालतेस की चुना?" राजा चंडराव गरजला. अंगरख्याच्या गळपट्टीने त्याची मान पार सोलून निघाली होती!

साळू परटीण खाली मान घालून उभी होती. हात तिचा भारीच सढळ. ओंजळभर खळ पुरे, तिथे ती घमेलंभर ओतायची. तिने धुतलेलं धोतर म्हणे भिंतीला टेकवून उभं करता यायचं.

"एवढं कडक जमतं ना तुला? मग मला असा अंगरखा आण, की बसलो तर लोण्यासारखा मऊ आणि तालमीत वस्तादाचा सोटा बसला तर लोखंडासारखा कडक! मेलं ते चिलखत पोटाला चिमटे काढतं. आठ दिवस देतो. नाही जमलं तर नदीवरचा तुझा घाट दुसऱ्याला!"

घाट गेला म्हणजे चूल विझलीच. पण साळूचं तोंड कुठलं गप्प बसतंय! "आणते की महाराज!" म्हणून मोकळी झाली आणि रस्ताभर स्वतःच्याच जिभेला शिव्या घालत घरी आली.

सहा दिवस ती खळ शिजवत राहिली. तांदळाची, गव्हाची, तवकिरीची. कापड एकतर मऊ राही, नाहीतर खडखडीत होई. सातव्या दिवशी तिने तवकिरीत पाणी कालवलं आणि चूल पेटवायलाच विसरली. दुपारी बघते, तर घमेल्यात कच्चीच दाट खळ!

"अगं साळे, देवानं डोकं दिलंय ते काय नुसतं पदर घ्यायला?" असं म्हणत तिने रागाने खळीत गुद्दा हाणला.

"आई गं!"

मूठ दगडावर आपटावी तशी परत आली. थेंबही उडाला नाही. तिने बोट हळूच टेकवलं, तर ते अलगद आत गेलं! पुन्हा गुद्दा, पुन्हा "आई गं!" खात्री पटायला तिला चार गुद्दे लागले. दुसऱ्या कुणाला एक पुरला असता.

रातोरात तिने मेणकापडाच्या इवल्या पिशव्या शिवल्या, त्यांत ही कच्ची खळ भरली आणि पिशव्या दोन कापडांमध्ये गोधडीसारख्या टाचल्या.

सकाळी तो जाडजूड अंगरखा ती स्वतःच घालून दरबारात आली.

"हाणा महाराज! लागलं तर माझीच करणी हाय."

राजाने वस्तादाचा सोटा घेऊन तिच्या पाठीवर सणकन हाणला. सोटा उलटून आला, राजाचाच हात झिणझिणला. साळू मात्र जागची हलली नाही! मग राजाने अंगरखा स्वतः चढवला आणि मांडी घालून बसून पाहिलं. अगदी गादीसारखा मऊ! पण राजा पडला हट्टी.

"हळूच सुरी खुपसली तर जाईल की आत!"

"जाईल की! पण इतक्या सवडीनं येणाऱ्या वैऱ्याला तुमी काय बसायला पाट देणार?"

दरबारात खसखस पिकली. राजाने अंगरखा हुंगला. "आणि टिकणार किती दिवस?"

साळूने कान धरले. "खरं सांगू? तीन दिवस. मग आंबतोय."

"आणि मग?"

"तीन दिवसांत लढाई उरकायची, महाराज! न्हाईतर फौजेला धिरडी घालायची!"

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्याने स्वतःच्याच पोटावर जोरात थाप मारली.

"आई गं!"

मग तर त्याला हसू आवरेना. हात चोळत चोळतच त्याने घाट साळूला पिढ्यान्‌पिढ्या लिहून दिला, वर हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. अट एकच घातली, की राजाच्या गळपट्टीला यापुढे खळ लावायची नाही!