वल्ह्याला लावलेला कान

डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात हसूराम नावाचा एक तांडेल होता. तांडेल म्हणजे होड्यांचा म्होरक्या. त्याच्या शब्दाशिवाय गावातली कुठलीही होडी हलत नसे.

हसूरामची एक रीत होती. खाडीच्या तोंडाशी आला की तो इंजिन बंद करायला लावी. मग वल्हं पाण्यात सोडून त्याच्या दांड्याला कान लावून बसे. पाण्याखाली काय चाललंय ते लाकडातून त्याच्या कानापर्यंत येई. मासे कुठे आहेत, वाळू सरकते आहे का, खालची ओढ कुठली आहे, सगळं.

एकदा समुद्र तेलासारखा सपाट होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. हसूरामने कान लावला आणि म्हणाला, “मागे फिरा.”

खलाशी एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, “तांडेलाला घरचं कालवण आठवलं वाटतं!”

पण होड्या फिरल्या. दुपार कलायच्या आत असं वारं उठलं, की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यासुद्धा उलट्या झाल्या. त्या दिवसापासून तांडेलाने कान लावला की कोणी तोंड उघडत नसे.

अपवाद एकच, चांगुणाबाई. ती मासळी विकायची. तिला ज्या जागेत बोंबील सुकत घालायचे असत, तिथेच हसूरामला जाळी पसरायची असत. हे भांडण फार जुनं होतं. “पाण्यातले मासे ऐकतो म्हणे!” ती भर बाजारात म्हणायची. “घरात बायको काय बोलते ते मात्र ऐकू येत नाही याला.” लोक हसायचे. हसूराम मान फिरवून निघून जायचा.

एका थंडीत गावात साथ आली. आधी सर्दी, मग ताप, मग खोकला. बहुतेक जण काढा पिऊन, पांघरूण घेऊन बरे व्हायचे. पण एखाद्याचा श्वास अचानक अडकायचा, आणि एकदा अडकला की धावपळीला वेळच उरत नसे. पलीकडच्या गावात एक जण असाच गेला होता. सकाळी तो अंगणात बसून चहा प्यायला होता.

गावातल्या लहानशा सरकारी दवाखान्यात वसुधा नावाची तरुण डॉक्टर नुकतीच आली होती. तिथे गर्दी झाली, तेव्हा लोकांनी आपणहून एक नियम केला. ज्याचा खोकला मोठा, तो पुढे. हा नियम समुद्रावरचा होता. समुद्रात जो मोठ्याने हाका मारतो, त्याच्याकडे होडी आधी वळवतात. जमिनीवरही तेच बरोबर असणार, असं सगळ्यांनी धरलं.

वसुधा मात्र खोकल्याचा आवाज ऐकून थांबत नसे. ती प्रत्येकाचं थोडं रक्त घेई.

“पोरी, एवढंसं रक्त घेऊन काय करतेस?” थोडा ताप आला म्हणून आलेल्या चांगुणाबाईने तिला विचारलं. “कालवण तर होणार नाही याचं.”

“मावशी, आजार अंगात शिरला की अंग लढायला लागतं,” वसुधा म्हणाली. “ती लढाई हाताबाहेर जायला लागली, की रक्तातल्या काही खुणा वाढतात, काही घटतात. कधी कधी धाप लागायच्या आधीच त्या दिसतात. मला त्या बघायच्यात.”

“बघ बाई. पण लवकर. तिकडे कावळे टपलेत माझ्या बोंबलांवर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हसूरामचा धाकटा भाऊ जोमा दवाखान्यात आला. आला म्हणजे आणला गेला. त्याचा खोकला धक्क्यापर्यंत ऐकू जात होता. डोळे लाल, अंग तापलेलं. “दादा, मी काय आता राहत नाही,” असं तो दर खोकल्यामागे म्हणत होता. आईबापांमागे हसूरामनेच त्याला वाढवलं होतं.

त्याचं रक्त तपासून होतंय, तोच खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयातून निरोप आला. प्राणवायूची सोय असलेली एकच खाट रिकामी होती. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून दिवस जाई. होडीने जायचं तर लगेच निघायला हवं होतं, कारण भरती उतरू लागली होती. पाणी गेलं की खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडे आणि पुढच्या भरतीपर्यंत होडी अडकून राही.

हसूराम म्हणाला, “होडी तयार आहे. जोमाला उचला.”

वसुधा दारात उभी राहिली. “तांडेलकाका, जोमादादाला नाही. चांगुणामावशीला न्यायचंय.”

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात गेल्या. तिथे चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला खोकला जवळजवळ नव्हताच. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटाही अजून सगळं ठीक सांगत होता. “मला?” ती म्हणाली. “माझी जीभ चालतेय अजून. मेलेल्या माणसाची चालते का?”

कोणीतरी हसलं. हसूराम हसला नाही.

“डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला, “माझा भाऊ इथे तडफडतोय. ती तिथे बसून टोमणे मारतेय. आणि होडी माझी आहे.”

“होडी तुमचीच आहे. म्हणूनच तुम्हाला विचारतेय.” वसुधा दारातून बाजूला झाली नाही. “जोमादादाचा ताप मोठा, आवाज मोठा. पण त्यांचं रक्त शांत आहे. मावशींचं रक्त कालही चांगलं नव्हतं. आज पहाटे पुन्हा पाहिलं, तर फार बिघडलंय.”

“खात्रीने सांगता?”

“नाही. खात्री नाही देता येत. माझ्याकडे फक्त खूण आहे. जोमादादाला मी नजरेसमोर ठेवीन, रक्त पुन्हा तपासीन. काही बदललं तर पुढच्या भरतीची वाट न बघता गाडीने दुसऱ्या रुग्णालयाकडे निघू, मी स्वतः सोबत येईन. काका, गावात ऐकलंय मी, समुद्र सपाट असताना तुम्ही होड्या फिरवल्या होत्या. तेव्हा तुम्हाला तरी कुठे खात्री होती?”

हसूरामने खाडीकडे बघितलं. बाहेर पाणी उतरत होतं. धक्क्याच्या पायरीवर ओली रेघ दिसायला लागली होती.

त्याला त्या दिवशीचे हसणारे खलाशी आठवले. त्यांना वरचं पाणी दिसत होतं, आणि वरचं पाणी खरंच शांत होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त कान लावला नव्हता. आज तोच त्यांच्या जागी उभा होता. ही पोर कान लावून आली होती आणि मागे फिरा म्हणत होती.

जोमा पुन्हा खोकला. हसूरामने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“जोमा, मी येतो परत. तोवर डॉक्टरीणबाई सांगतील ते ऐकायचं. आणि राहत नाही, राहत नाही म्हणायचं बंद कर.”

मग तो कोपऱ्यात गेला. “ऊठ चांगुणे.”

“आणि माझे बोंबील?”

“माझी बायको राखेल. जागा तुझीच, जा. आता तरी ऊठ.”

चांगुणाबाईने त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीला धरून ती उठली.

होडी खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तळाला वाळू घासत होती. हसूरामने ती कशीबशी पार केली. चांगुणाबाई आधी बडबडत होती. मग वाक्यं लहान झाली. मग नुसतं “हो”, “नाही”. पलीकडचा धक्का दिसू लागला तेव्हा ती गप्प झाली होती, तिचे ओठ निळसर पडले होते आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. हसूरामने आयुष्यात कधी कोणाच्या बोलण्याची इतकी वाट पाहिली नव्हती.

तिथे माणसं स्ट्रेचर घेऊन उभीच होती. वसुधाने आधीच कळवलं होतं. प्राणवायू लगेच सुरू झाला. तिथले डॉक्टर हसूरामला म्हणाले, “पुढच्या भरतीची वाट बघितली असती, तर आमच्या हातात फारसं काही राहिलं नसतं.”

हसूराम गावी परतला तो धावतच दवाखान्यात शिरला. जोमा भिंतीला टेकून पेज पीत होता आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होता. वसुधाने त्याचं रक्त पुन्हा पाहिलं होतं. ते शांतच होतं. हळूहळू त्याचा ताप उतरला आणि खोकलाही गेला.

चांगुणाबाईला वेळ लागला. पण ती बरी झाली. तिला आणायला हसूराम स्वतः होडी घेऊन गेला. होडीत पाय ठेवताच ती म्हणाली, “किती वास मारतेय रे तुझी होडी!” तांडेल इतका हसला, की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं.

साथ अजून सरली नव्हती. पण दवाखान्यातला नियम लोकांनीच बदलला. आता खोकणाऱ्याला रांगेत पुढे सोडण्याआधी लोक रक्त द्यायला बाही वर करत. मोठ्याने कण्हणाऱ्यालाही धीर मिळे आणि गप्प बसलेल्याकडेही कोणीतरी बघे. पुढे हसूरामलाच ताप आला. तो दवाखान्यात आला, हात पुढे केला आणि सुई दिसताच डोळे गच्च मिटले.

मागून आवाज आला, “वादळाला भीत नाही, आणि डासाएवढ्या सुईला भितो!”

“बोल, चांगुणे, बोल,” हसूराम डोळे मिटूनच म्हणाला. “तू बोलतेस तोवर बरं वाटतं.”

तात्पर्य: हाका मारणाऱ्या संकटाकडे सगळेच धावतात. जे संकट अजून गप्प आहे त्याची खूण वेळेवर ओळखावी, आणि ती पटली की आपल्या माणसाच्याही आधी खऱ्या गरजवंताला जागा द्यावी. जीव वाचवायला ज्ञान लागतं, तसं त्या ज्ञानाचं ऐकणारं मनही लागतं.