फणसाच्या लाकडाचं सिंहासन

एक होता राजा. अगदी नवाकोरा. उदेभान त्याचं नाव. वडील काशीला जाऊन राहिले आणि राज्य ह्याच्या गळ्यात पडलं. मिशी फुटली होती, पण पीळ द्यायला अजून पुरत नव्हती, बरं का.

त्या राज्यात एक तळं होतं. सगळं गाव त्याचंच पाणी प्यायचं. आणि रीत अशी, की नव्या राजानं गादीवर बसायच्या आधी तळ्यातल्या गाळाची पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि बांधावर नेऊन टाकायची. मग मागून सगळी रयत पाट्या उचलायची. ही रीत पणजोबांची. त्यांनीच बांधावरच्या पडलेल्या फणसाचं सिंहासन करवलं होतं. मग आजोबा आले. त्यांनी पाटी चांदीची केली. मग वडील आले. त्यांना चिखलाचा वास सोसेना, म्हणून त्यांनी पाटीत गुलाबाच्या पाकळ्या भरल्या. तळ्यात तेव्हा पाणी होतं, म्हणून ते खपून गेलं. आता पाकळ्या टाकून कुठं तळं खोल होतं का? पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

उदेभानानंही पाकळ्यांची पाटी मिरवली आणि वाजतगाजत येऊन सिंहासनावर बसला. तर काय झालं, सिंहासनानं म्हशीसारखी पाठ झटकली आणि राजा धपकन खाली! मुकुट घरंगळत प्रधानजींच्या पायाशी गेला. आणि सिंहासन एकच शब्द बोललं, "ऊठ."

हसू नका. दरबारात कुणी हसलं नव्हतं.

म्हातारे प्रधानजी हात जोडून म्हणाले, की महाराज, पणजोबांचा नेम आहे. तीन दिवसांत सिंहासनानं बसू दिलं नाही, तर मुकुट उतरवायचा आणि गड सोडायचा. कुठं जाणार बिचारा? आणि लोक काय म्हणतील?

मग पहिल्या दिवशी त्यानं सिंहासनावर मऊ मऊ सात गाद्या घातल्या. "ऊठ," आणि गाद्यांसकट राजा खाली.

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, ह्याला दरारा हवा असेल. मग चिलखत चढवलं, तलवार उपसली आणि उभ्या उभ्याच चाळीस हुकूम सोडले. कशाचे, ते त्याचं त्याला ठाऊक. मग बसला. "ऊठ," आणि कोपरं सोलवटली. चिलखत काढायलाच चौघे लागले.

तिसऱ्या दिवशी दिवस उगवताच त्यानं मुकुट उपरण्यात गुंडाळला आणि गड उतरला. डोळे नुसते वाहत होते. राजेसुद्धा रडतात, बरं का. मनू, पाय गोधडीत घे बघू.

चालत चालत तो तळ्यावर आला, तर तळं कुठलं, नुसतं डबकं! बायका वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होत्या. आणि एक म्हातारी, ठकूबाई तिचं नाव, कंबरेत वाकलेली, फाटक्या पाटीतून एकटीच गाळ उपसत होती. राजाला तिनं काही ओळखलं नाही. त्यानं विचारलं, तर म्हणाली, पूर्वी राजा पुढं असायचा आणि गाव मागं. आता फुलं बघतात आणि घरी जातात.

राजा म्हणाला, "आजी, एकटीनं कधी पुरं होणार हे?"

ठकूबाई म्हणाली, "न होईना. उद्या माझी नात घागर घेऊन इथंच येणार ना? उभा काय राहिलास? हात लाव पाटीला."

तुम्हाला सांगते, गादी मिळाल्यापासून त्याला सगळे मुजरे करत होते, पण काम असं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं! त्यानं मुकुट बाभळीच्या फांदीला अडकवला, उपरण्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर चिखलानं भरलेली पाटी घेतली. एक खेप झाली, दुसरी झाली, मान मोडून आली. तेवढ्यात एका धनगराला फांदीवरचा मुकुट दिसला. त्यानं पाट्या वाहणाऱ्याकडे नीट पाहिलं आणि गावाकडे धूम ठोकली. मग काय, घराघरातून पाट्या निघाल्या. प्रधानजीसुद्धा धोतर खोचून आले. दिवस कलता कलता गाळाखालचा बुजलेला झरा मोकळा झाला आणि पाणी बुडबुडत वर आलं. ठकूबाईनं पहिली ओंजळ राजाला पाजली.

राजा गडावर आला तो कानापर्यंत चिखलात. लोकांसाठी भाकऱ्या भाजायला सांगायच्या, उद्यासाठी पाट्या काढायच्या, हेच डोक्यात. पाय तर असे दुखत होते, की दिसेल तिथं टेकला. टेकल्यावर ध्यानात आलं, अरे, हे तर सिंहासन! घाबरून उठायला गेला, तर सिंहासन माझ्या गुडघ्यांसारखं कुरकुरलं आणि हळूच म्हणालं, "बस, बाळा."

मग राजानं पुष्कळ वर्षं राज्य केलं. दरसाल त्या दिवशी सिंहासन त्याला पाडायचं, म्हणायचं "ऊठ," आणि तो हसत हसत चुंबळ शोधायचा. ठकूबाईच्या नातीला भरली घागर मिळाली, तशी सगळ्यांना मिळो.

तिकडं सिंहासन म्हणालं बस. इकडं मी म्हणते, आता नीज.