कढीलिंबाचा रुसवा

झाडं बोलायची आणि बायका त्यांचं ऐकायच्या, तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्कांच्या परसातल्या कढीलिंबाला चैत्रात लुसलुशीत पालवी फुटली. पण वाफ्यातली कोथिंबीर त्याला खिजवायची, "मी डाळीवर मिरवते, तुला मात्र लोक ताटाबाहेर काढतात!"

कढीलिंबाला ते फार लागलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ करायला गोदाक्का पानं मागायला आल्या, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, यंदा मी नाही येत."

"राहू दे बाबा. रुसलेल्याला ओरबाडून का गौरीला नैवेद्य दाखवायचा?" असं म्हणून त्या तशाच परतल्या.

बायका जमल्या. पहिला घास घेऊन मथूमावशी म्हणाल्या, "अक्का, डाळ छान झालीय हो, पण फोडणी अगदी गप्प आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. डाळीवरच्या कोथिंबिरीनेसुद्धा!

खिडकीबाहेर कढीलिंब ऐकतच होता. त्याने फांदी आत वाकवली. "अक्का, पळी पुन्हा तापवा बघू!"

गोदाक्का हसल्या. तेलात पानं तडतडली, आणि तो वास गल्लीत पोचताच, बोलावणं चुकलेल्या दोघीजणीही "काय केलंत हो आज?" म्हणत हळदीकुंकवाला आल्या.