इनामदारांचा गज

एकदा एक दंतवैद्य जुनी रायफल विकत घ्यायला निघाला. दात काढणाऱ्या माणसाला बंदूक कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याच्या गावात सगळ्यांनी तेच विचारले होते, आणि त्यानंतर दवाखान्यात येणारे लोक खुर्चीवर जरा जपूनच बसू लागले होते. पण डॉक्टर जयसिंग डुबल हे परवानाधारक, शिस्तीचे, दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर हजेरी लावणारे गृहस्थ होते. कागदावरच्या वर्तुळाखेरीज त्यांनी आयुष्यात कशावरही गोळी झाडली नव्हती.

मात्र या वेळची खरेदी स्वतःच्या हौसेसाठी नव्हती. ती केतकीसाठी होती.

केतकी ही डॉक्टरांची एकुलती एक लेक, बावीस वर्षांची. सोळाव्या वर्षापासून ती वडिलांबरोबर मैदानावर जात असे. हात स्थिर, नजर तीक्ष्ण. पण गेले दोन महिने तिने येणे बंद केले होते. एका रविवारी मैत्रिणीचा साखरपुडा, दुसऱ्या रविवारी डोकेदुखी, तिसऱ्या रविवारी नुसतेच ‘आज नको’. रुग्णांच्या सबबी ऐकण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला घरातली सबब ओळखता येऊ नये, असे कसे होईल? डॉक्टर ओळखून होते आणि मनातून घाबरलेही होते. कारण जून महिन्यात केतकी नोकरीसाठी हैदराबादला जाणार होती. बापलेकीच्या वाट्याला आता मोजकेच रविवार उरले होते, आणि तेही असे कोरडे चालले होते.

केतकी कधीतरी एका स्पर्धेत कुणाच्या तरी हातातली जुनी लिव्हरची रायफल पाहून हरखली होती. घोड्याखालची कडी खाली ओढून परत वर आणली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते, आणि त्या वेळी ‘खटक-खटक’ असा मोठा गोड आवाज होतो. डॉक्टरांनी ते लक्षात ठेवले होते. तशी रायफल मैदानावर आणली तर लेक परत येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

खरेदीला जाताना त्यांनी आपल्या गुरूंना बरोबर घेतले. गुरू म्हणजे सुभेदार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सैन्यात तीस वर्षे हत्यारे दुरुस्त केलेले, आणि निवृत्तीनंतर गावातल्या हौशी लोकांना नेम धरायला शिकवणारे. डॉक्टरही त्यांचेच शिष्य आणि केतकीही त्यांचीच. ते बोलत कमी आणि बघत फार.

जुन्या संस्थानी गावाच्या पेठेत निसारभाईंचे बंदुकांचे दुकान होते. निसारभाईंनी काउंटरवर हिरवे कापड अंथरले आणि त्यावर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या, बारीक पॉइंट टू-टू काडतुसाच्या. पण रूपात जमीन-अस्मानाचे अंतर.

पहिली इनामदारांची. लाकडी दस्ता आरशासारखा, पोलाद निळेशार, बोट लावायला भीती वाटावी अशी. खुद्द इनामदार आबासाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. डोळ्यांनी दिसेनासे झाले म्हणून ते रायफल विकत होते, पण ती कुणाच्या हाती जाते हे त्यांना स्वतः पाहायचे होते. दुसरी होती एका निवृत्त पीटी मास्तरांची. हे मास्तर शाळेत उरलेले खडूचे तुकडे माळावर ओळीने मांडून दर सुट्टीला त्यांच्यावर नेम धरत. दस्त्यावर ओरखडे, कडीचा निळा रंग उडून आतले पोलाद उघडे पडलेले, आणि बाजूच्या मोठ्या स्क्रूची खाच तर पार चेंबटलेली.

डॉक्टरांची निवड दारातच झाली होती. दवाखान्यातली हत्यारे दिवसातून तीनदा उकळणारा माणूस तो. तो त्या ओरखड्यांकडे कशाला बघतो!

सुभेदारांनी आधी दोन्ही रायफलींच्या कड्या उघडून त्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग खिशातून शिशाची एक गोळी काढली; काडतूस नव्हे, नुसती गोळी. ती त्यांनी इनामदारांच्या रायफलीच्या नळीच्या तोंडात अलगद ठेवली. गोळी अर्ध्याहून अधिक आत गेली आणि सैल दातासारखी हलू लागली. मास्तरांच्या रायफलीत मात्र गोळीचा शेंडा जेमतेम शिरला आणि घट्ट बसला. डॉक्टर मनात म्हणाले, ‘वा! इनामदारांची नळी चांगली ऐसपैस आहे.’

“आबासाहेब,” सुभेदारांनी विचारले, “हिला पुसत कशानं होता?”

आबासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवरची मखमली पिशवी उघडली आणि आतून एक लांब पोलादी गज काढला. मधला भाग चांदीसारखा चकाकत होता.

“चाळीस वर्षं,” ते म्हणाले, “दर शनिवारी, माझ्या स्वतःच्या हातानं. गोळ्या मी फारशा मारल्या नाहीत, सुभेदार. पण एक शनिवार चुकवला नाही. हा स्क्रूसुद्धा कधी फिरवला नाही. चरा पडला असता.”

सुभेदारांनी दोन्ही हात जोडले. “एवढी माया मी कुठल्या हत्यारावर केलेली बघितली न्हाई,” ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. मग निसारभाईंकडे वळून त्यांनी मास्तरांच्या रायफलीवर बोट ठेवले. “ही घेतो आम्ही. कागदपत्रं करायला घ्या.”

डॉक्टरांचा आ वासला. इनामदारही चमकले. “का हो? माझी पसंत नाही पडली?”

“तुमच्याइतकी निगा आमच्या डॉक्टरांना जमायची न्हाई,” सुभेदार म्हणाले. “पण एक मागतो. हा गज मला द्या.”

आबासाहेबांनी थोडा वेळ गज कुरवाळला. मग तो पिशवीत घालून सुभेदारांच्या हातात दिला. निघताना सुभेदार निसारभाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, आणि निसारभाईंनी गंभीरपणे मान हलवली. परवान्यावर नोंद होईपर्यंत रायफल दुकानातच राहायची होती. त्यामुळे रायफल घ्यायला गेलेले डॉक्टर बाजारातून परतताना काखेत फक्त एक मखमली पिशवी धरून चालत होते, आणि रस्त्यातला एक ओळखीचा त्यांना विचारून गेला, “काय डॉक्टर, बासरी शिकताय वाटतं?”

चहाच्या टपरीपर्यंत डॉक्टरांनी कसाबसा धीर धरला. बाकावर टेकताच ते उसळले. “सुभेदारसाहेब, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण ती रत्नासारखी रायफल सोडून हे भंगार घेतलंत, आणि वर हा गज मागून आणलात! मला काही कळेना झालंय.”

सुभेदारांनी बशीत चहा ओतला.

“डॉक्टर, ती रायफल बाद झाली हाय. कुणी घेतलीच तर आधी नळी बदलून घ्यायला सांगा, असं निसारभाईंना कानात सांगून आलोय. आबासाहेबांसमोर कुठं बोलायचं?”

“बाद? तिच्यातून धड शंभर गोळ्या सुटल्या नसतील!”

“गोळीनं न्हाई खाल्ली तिला. बारीक काडतूस, मऊ शिसं. लाख गोळ्या गेल्या तरी नळी कुरकुरत न्हाई. तिला ह्या गजानं खाल्लं. रायफलीची मागची बाजू बंद. गज मागनं घालायचा तर स्क्रूत नाणं घालून फिरवायचं आणि रायफल दोन भागांत सोडवायची. मास्तरांनी खुशाल तसं केलं, म्हणून तो स्क्रू चेंबटलाय. आबासाहेबांना चरा सोसवेना. त्यांनी गज तोंडातनं घातला. दर शनिवारी आत-बाहेर, आत-बाहेर, तोंडाच्या कडेला घासत. गोल होतं ते लांबट झालं. गोळी सगळी वाट सरळ येती, पण सुटताना शेवटचा स्पर्श तोंडाशी होतो. तिथं जरा कलली की पुढं कागदसुद्धा सापडत न्हाई. म्हणून गज मागून घेतला; नवी नळी तरी वाचंल.”

“पण त्यांनी तर प्रेमापोटी—”

“व्हय की,” सुभेदार म्हणाले. “प्रेमापोटीच.”

मग सुभेदारांनी बशी खाली ठेवली आणि ते आवाज उतरवून म्हणाले, “डॉक्टर, केतकी का येईना झाली, ते मला ठाऊक हाय. मैदानावर तुम्ही तिच्या खांद्याशी उभं राहता. गोळी सुटली रे सुटली की तुमचं सुरू. कोपर वर गेलं. श्वास सोडलास. घोडा ओढलास, दाबला न्हाईस. एकही गोष्ट चुकीची सांगत न्हाई तुम्ही, हे मी शपथेवर सांगीन. पण पोरीच्या प्रत्येक गोळीला शेवटचा स्पर्श तुमचा होतो, आणि तो घासून जातो. आता ती स्वतः सुटायच्या वेळेला आलीय. नवी रायफल आणा न्हाईतर तोफ आणा, गज तोच राहिला तर उपयोग काय?”

डॉक्टरांना फार वाईट वाटले, आणि त्याच वेळी हसूही येऊ लागले. कारण दिवसातून वीस वेळा ते स्वतः रुग्णांना बजावत असत: जोरात घासले म्हणजे दात स्वच्छ होतात असे नाही, हिरडी मागे सरकते आणि ती परत येत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी तशी पाटीसुद्धा लावली होती. घरातल्या खोलीत ती पाटी लावायचे मात्र त्यांना कधी सुचले नव्हते.

“मग आता?” त्यांनी विचारले. “नळी तरी बदलता येते.”

“माणूस नळीपेक्षा बरा,” सुभेदार हसले. “घासणं थांबवलं की त्याची झीज भरून येती. जरा चरा पडल, पण स्क्रू फिरवा. बोला तिच्याशी.”

त्या संध्याकाळी केतकी ओट्याशी कणीक मळत होती. डॉक्टर दोनदा स्वयंपाकघरात आले, दोनदा पाणी पिऊन परत गेले. तिसऱ्यांदा मात्र ते दाराशी थांबले.

“केतकी, मी तुला फार टोकतो. प्रत्येक गोळीला. म्हणून तू यायची बंद झालीस ना?”

केतकीचा हात थांबला. ‘नाही हो बाबा’ असे ती म्हणेल, अशी त्यांना खोल कुठेतरी आशा होती.

“हो,” ती म्हणाली.

चरा पडला तो असा, चांगला लांबलचक. पण डॉक्टर तिथून हलले नाहीत. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “इथून पुढे मी मागच्या बाकावर बसेन. तोंड उघडणार नाही.”

“तुम्ही?” केतकीने वळून पाहिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते. “दिवसभर लोकांना ‘आ करा, आ करा’ म्हणणार, आणि स्वतःचं बंद ठेवणार? बघू.”

‘बघू’ या शब्दावर डॉक्टरांनी दोन आठवडे काढले. परवान्यावर नोंद झाली, रायफल आली, आणि पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर स्कूटरचा आवाज आला. केतकी उतरली, सुभेदारांच्या पाया पडली आणि ओरखडलेली रायफल पाहून म्हणाली, “किती छान वापरलेली आहे!” डॉक्टर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. जिभेवर शब्द आला की ते आवंढा गिळत, आणि सुभेदार मुद्दाम दुसरीकडे पाहत.

केतकीने दहा गोळ्या मारल्या. तीन भरकटल्या. तिसरी भरकटली तेव्हा तिने सवयीने खांद्यावरून मागे पाहिले. डॉक्टरांनी झाडावरच्या बुलबुलाकडे पाहिले. ती पुन्हा वळली, कडी ओढली आणि पुढची गोळी तिने वर्तुळाच्या मधोमध बसवली. मग ती उठून बाकाशी आली.

“आता तुम्ही मारा, बाबा.”

डॉक्टरांनी रायफल घेतली, मांड ठोकली, नेम धरला. सकाळपासून शब्द गिळून गिळून त्यांचा श्वासच बसत नव्हता. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेली. दुसरी शेजारच्या माणसाच्या कागदावर लागली, आणि त्याने आनंदाने हात वर केला. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. त्यांचे कोपर वर गेले होते, श्वास सुटला होता, घोडा त्यांनी दाबला नव्हता, ओढला होता. हे सगळे त्यांना माहीत होते, आणि खांद्याशी उभ्या असलेल्या केतकीलाही दिसले होते. ती आता काय बोलणार, म्हणून त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. सहा वर्षे आपली लेक दर रविवारी इथे कशी बसत होती, हे त्यांना त्या पाठीतून कळले.

केतकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“लागेल, बाबा,” ती म्हणाली. “सावकाश मारा.”