पलंग अजून आला नाही

"गिऱ्हाईकालाच चांगलं-वाईट कळत नसेल, तर करणाऱ्यानं काय करावं, सर?"

निशाद गावंडेनं चपला काढता काढताच विचारलं.

देवतळे सर वर्ध्याच्या आपल्या घरी व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आयुष्यभर त्यांनी कलाशाळेत अक्षरं शिकवली होती. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवरची पानं कशी मांडायची तेही शिकवलं. निशाद त्यांच्या शेवटच्या बॅचचा. आता नागपुरात वेबसाइट बनवायचा, आणि त्यासाठी त्याला बक्षीसही मिळालं होतं.

"कोण गिऱ्हाईक?"

"इथल्याच शकुंतलाबाई गोमासे. आजारी माणसांसाठी पलंग, व्हीलचेअर, वॉकर भाड्यानं देतात. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्यांनी वर-खाली होणारा पलंग घेतला होता. तो गेल्यावर पलंग शेजारच्यांना वापरायला दिला, आणि तिथून धंदा उभा राहिला. एवढी सुंदर गोष्ट आहे, सर! मी तीच वेबसाइटवर मांडली. आणि बाई म्हणतात, बंद करून टाका."

"का?"

"फोन यायचे थांबले म्हणे. दुकानाच्या पाटीवर आधी नंबर होता. मी तो काढून वेबसाइटचा पत्ता टाकला. जरा बरं दिसतं. तर परवा एक जण दुकानात येऊन भांडून गेला. दिवसभर शोधलं, नंबर सापडला नाही, म्हणाला. नंबर आहे, सर! सगळ्यात खाली आहे."

सर गुडघे चोळत ऐकत होते.

"तुम्ही एकदा बघा. तुम्ही चांगलं म्हणालात, तर मी बाईंना समजावीन."

त्यानं मोबाईल पुढे केला. सरांनी तो घेतला नाही.

"मला उठव," ते म्हणाले.

सरांचे गुडघे बरेच दिवस साथ देत नव्हते. निशादनं डावा हात त्यांच्या काखेत घातला आणि त्यांना उभं केलं. सर उभे राहिले... आणि त्यांनी अंग सोडून दिलं. सगळा भार निशादच्या खांद्यावर आला.

"सर! काय होतंय?"

"काही नाही. मी तुझा बाप आहे. आत्ताच दवाखान्यातून घरी आणलायस. मला बसता येत नाही. जमिनीवर निजवलंस तर पुन्हा उचलता यायचं नाही. पलंग मागव."

"म्हणजे..."

"दुसऱ्या हातात फोन आहे ना? मागव."

निशाद हसला. सर हसले नाहीत.

त्यानं अंगठ्यानं वेबसाइट उघडली. पडदा काळा झाला. मग एकेक अक्षर उमटू लागलं. पाठोपाठ सतार सुरू झाली. ती त्यानं स्वतः निवडली होती.

"काय म्हणते?"

"काळजी म्हणजे काय... असं विचारते, सर."

"बरं."

मग सुरकुतलेल्या हातांचा फोटो आला. तो हळूहळू मोठा होत गेला.

"जरा थांबा, सर. हे संपलं की पुढे जाता येतं."

"थांबलोय."

फोटो संपला. बाईंची गोष्ट सुरू झाली. निशाद अंगठ्यानं पान वर सारत राहिला. लग्नाचा फोटो, पहिला पलंग, बाईंचं हसू... सरांचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं होतं. त्यांचा श्वास त्याच्या मानेला लागत होता.

शेवटी रकाने आले. नाव. ई-मेल. निरोप. आणि त्याखाली, बारीक करड्या अक्षरांत, नंबर. तो दाबून पाहिला, तर लागेना. ते आकड्यांचं नुसतं चित्र होतं. निशादनंच तसं केलं होतं, कारण त्याला आवडलेल्या वळणाचे आकडे नुसते टाइप करून उमटत नव्हते.

त्यानं नाव लिहायला सुरुवात केली. फोन हातातून निसटला आणि फरशीवर पडला. सतार वाजतच राहिली.

"सर, तुम्हाला खुर्चीत बसवतो."

"मला बसता येत नाही. पलंग आला?"

"नाही."

"मग?"

निशादनं त्यांना पुन्हा वर ओढून धरलं. त्याचा दंड भरून आला होता. त्यानं प्रथमच सरांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. म्हातारा माणूस खरोखरच दमला होता. हात सुटला तर... तो घाबरला.

"सर, मला... मला नाही जमत."

"निरोपाचा रकाना ठेवलायस ना?" सर डोळे न उघडता म्हणाले. "त्यात हे लिही."

निशादनं त्यांना अलगद खुर्चीत बसवलं. आतून पाणी आणून दिलं. फोन उचलून आधी सतार बंद केली.

"आता कुठून सुरुवात करू?"

"जिथं फोन वाजतो तिथून."

निशाद नागपूरला परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शकुंतलाबाईंच्या दुकानी गेला. रंगारी बोलावून आधी पाटीवर नंबर परत लिहून घेतला. मग म्हणाला, "काकू, मी इथं बसू का? मध्ये बोलणार नाही."

बाईंनी त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

फोन पुन्हा येऊ लागले. कुणीही नमस्कार म्हणत नव्हतं. आजच मिळेल का? वरच्या मजल्यावर चढवून द्याल का, लिफ्ट नाही. डोक्याकडची बाजू उचलली जाते का? आमचं दार अरुंद आहे, आत जाईल ना? गादी सोबत येते की वेगळी? एक माणूस फक्त रडत होता. बाई त्याला म्हणाल्या, "पत्ता सांगा भाऊ, बाकीचं मी बघतो."

काळजी म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

निशाद दुकान बंद होईपर्यंत बसायचा. दुपारी बाई आपल्या डब्यातली भाकर त्याला द्यायच्या. फोन यायचे नाहीत तेव्हा तो ऐकलेले प्रश्न एकाखाली एक मांडून बघायचा.

आठवड्याभरानं तो पुन्हा सरांकडे आला. या वेळी सरांनी फोन स्वतः हातात घेतला.

पान लगेच उघडलं. सगळ्यात वर दुकानाचं नाव आणि मोठ्या आकड्यांत नंबर. सरांचं बोट चुकून त्यावर पडलं आणि फोन लागला. "बोला भाऊ," पलीकडून बाई म्हणाल्या. सरांनी माफी मागून फोन ठेवला.

नंबराखाली लोकांचे प्रश्न होते, लोकांच्याच शब्दांत. प्रत्येकाखाली एका ओळीत उत्तर. शेजारी पलंगाचा साधा फोटो, दारातून नेतानाचा. बाईंची गोष्ट शेवटी होती, चार ओळींची.

सर वाचत खाली आले. एका प्रश्नाखाली जागा कोरी होती.

*पेशंट गेला, तर पलंग कधी परत द्यायचा?*

"इथं काही नाही?"

"ते ठेवावं की काढावं कळत नाही, सर," निशाद म्हणाला. "परवा एका मुलीचा फोन आला होता. वडील सकाळीच गेले होते. पलंग रिकामा झालाय, म्हणाली, दुसऱ्या कुणाला लागत असेल, आजच न्या. काकू म्हणाल्या, 'घाई नको करू बाई. तेरवी होऊ दे, मग फोन कर.'... वेबसाइटवर असं कुणी लिहीत नाही, सर. नियमांच्या भाषेत लिहून पाहिलं. ते वाचवत नाही."

"ती मुलगी काय म्हणाली?"

"काहीच नाही. पण तिनं बराच वेळ फोन ठेवला नाही. काकूंनीही नाही."

सरांनी फोन त्याच्या हातात दिला.

"बाईंचं वाक्य टाक," ते म्हणाले, "आणि त्यापुढे तू काही लिहू नकोस."